वाचून दाखवले, बरोबर आहे

वनपरिक्षेत्र कार्यालयात मी संगणक चालक म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात कुमरे बाईंनी माझा एक कागद परत केला. पत्र जेमतेम पाच ओळींचं होतं. त्यात पेन्सिलीनं चार गोल केलेले, आणि चारही गोलांत एकच शब्द. सदर इसम, सदर बैल, सदर शेत, सदर दिवशी.

"हा सदर कोणाचा कोण लागते रे?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"बैल विठोबाचा होता ना? मंग विठोबाचा बैल लिव. सदर बैल म्हणलं का तो कोणाचाच नाई राह्यत."

मी पत्र पुन्हा टाईप केलं आणि मनात म्हटलं, ही बाई आपला जीव खाणार. खाल्लाच. पुढची सहा वर्षं माझा एकही कागद त्यांच्या टेबलावरून गोल झाल्याशिवाय गेला नाही. 'संबंधित' गेला, 'उचित कार्यवाहीस्तव' गेला, 'निदर्शनास आले' गेला. "निदर्शनास आले म्हंजे? कोणं पाह्यलं? पाह्यलं त्याचं नाव टाक." कार्यालयातले बाकीचे लोक त्यांना टाळायचे. मला टाळायची सोय नव्हती, कारण टाईप करणारा मी एकटाच होतो.

सगुणा कुमरे, हुद्दा वनपाल. अंगानं किरकोळ, खाकी वर्दी दोन मापं मोठी वाटायची. त्यांना कोणी 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. एटापल्लीकडच्या एका टोल्यावर, दहा-बारा घरांच्या वस्तीत, त्यांचा जन्म, घरची भाषा गोंडी. आश्रमशाळेत गेल्या तेव्हा मराठीतलं त्यांना 'पाणी' आणि 'बस' एवढंच येत होतं, आणि त्यातलं 'बस' म्हणजे खाली बस. हे त्या स्वतःच सांगायच्या. "तुमाले मराठी आयतीच भेटली. मी तं एकेक शब्द बाजारातल्या वांग्यासारखा उलटापालटा करून घेतला. किडका असला का मले दिसते." मी सिंदेवाहीचा, बाप भात संशोधन केंद्रात मजुरीला, घरात मराठीशिवाय दुसरं काही नाही. तरी माझ्या मराठीत किडके शब्द किती आहेत ते मला त्या बाईंनी दाखवलं. मला त्याचा राग यायचा, आणि तो राग खराही होता. आपल्या आईच्या भाषेतल्या चुका दुसऱ्याच्या आईच्या लेकीनं काढाव्यात हे कोणाला आवडतं?

शब्द तपासायची त्यांची एकच रीत होती. वाक्य ऐकायचं, डोळे बारीक करायचे आणि विचारायचं, "याच्यात माणूस दिसते का?" दिसत नसला की गोल.

आमच्या भागात उन्हाळा लागला की मोह गळायला लागतो, त्याच्यामागून तेंदूपत्ता येतो, आणि माणसं पहाटे जंगलात जातात. वाघही तिथेच असतो. दर वर्षी दोन-चार माणसं जातात. असं काही झालं की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरायचा. नागरिकांनी काळजी घ्यावी, जंगलात जाणे टाळावे. बाई तो मोठ्यानं वाचायच्या. "जंगलात जानं टाळावं. घराच्या मांगं जंगल, घराच्या पुढं जंगल. मंग संडासले जावं कुठी, हे बी लिवा ना खाली." एकदा त्यांनी हे ग्रुपवरच लिहिलं. त्यावर अंगठा दाखवणारी एकवीस चित्रं आली आणि एक सूचना आली की ग्रुपवर केवळ शासकीय माहिती टाकावी.

'मानव-वन्यजीव संघर्ष' या शब्दांवर तर त्यांचा दात होता. प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर ते शब्द छापलेलेच असायचे, त्यामुळे गोल करूनही जायचे नाहीत. "संघर्ष मंते. मोहा वेचत होती थे बाई. वाकून होती. तिनं केला का संघर्ष?" एवढं बोलून त्या पेन्सिल खाली ठेवायच्या.

तालुक्याला एक वार्ताहर होते. माणूस भला, मोटरसायकलला पुढे 'प्रेस' लिहिलेलं. त्यांच्या बातमीत 'थरार' आणि 'दहशतीचे सावट' नसलं तर त्यांना जेवण जात नसे. एकदा गुराख्यावर हल्ला झाला, पाय गेला बिचाऱ्याचा. दुसऱ्या दिवशी पेपरात 'मृत्यूशी थरारक झुंज' असा मथळा. संध्याकाळी टपरीवर बाईंनी त्यांना गाठलं.

"भाऊ, हा थरार कोणाले झाला?"

"वाचकाले होते ना बाई. तसं लिहा लागते."

"आन् गुराख्याले?"

"त्याले काय, तो तं बेहोश होता."

"मंग बेहोश होता असं लिवा."

वार्ताहर चहा अर्धा टाकून निघून गेले. पुढे महिनाभर त्यांच्या बातमीत आमच्या कार्यालयाचा उल्लेख 'सुस्त प्रशासन' असा येत राहिला. बाईंनी तेही कात्रण पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बरोबर हाय."

मग नवे साहेब आले. पश्चिम महाराष्ट्रातले, तरुण, कामाला वाघ. हा शब्दही बाईंनी काढून टाकला असता. साहेबांनी आल्या आल्या कार्यालय झाडून घेतलं, फायली लावून घेतल्या, आणि बैठकीत सगळ्यांना बोलायला लावलं. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मले असं वाटते का..."

"मला," साहेब म्हणाले. अगदी सौम्यपणे, हसून. "बाई, कार्यालयात आपण प्रमाण भाषा बोलूया. मले नाही, मला."

आम्ही सगळेच मले-तुलेवाले, पण साहेबांसमोर सगळ्यांची जीभ आपोआप सरळ व्हायची. माझीही व्हायची. बाईंनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, मी मले म्हणली तं तुमाले समजलं ना, कोणाले वाटते ते?"

"समजलं, पण..."

"मंग झालं. तुमच्या त्या 'असे मत व्यक्त करण्यात आले' मंधी मले समजत नाई कोणाले वाटलं ते."

साहेब मनाचे मोठे होते. तेही हसले. पण त्यानंतर बैठकीत बाईंना फारसं कोणी बोलू दिलं नाही.

आता जबाबांविषयी सांगतो, कारण खरं सांगायचं ते तेच आहे.

माणूस गेलं की घरच्यांचा जबाब घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी वनपालानं जाऊन टिपून आणायचं, कार्यालयात ते टाईप व्हायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागद गावात नेऊन सही किंवा अंगठा घ्यायचा. प्रत्येक जबाबाच्या खाली शेवटची ओळ ठरलेली असते. 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' अख्ख्या जिल्ह्यात ही ओळ रोज छापली जाते. वाचून कोणी दाखवत नाही. वेळ कुणाला आहे, आणि ऐकायची स्थिती तरी कुणाची असते?

कुमरे बाई वाचून दाखवायच्या. बूट अंगणाबाहेर काढायच्या, खाली मातीत मांडी घालायच्या, टोपी गुडघ्यावर ठेवायच्या आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायच्या. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात दिवस होईस्तोवर वाघाचं नाव घेत नाहीत, 'मोठा' म्हणतात. कागदावर 'वाघ' असायचा, बाई वाचताना 'मोठा' वाचायच्या. लोक ऐकायचे आणि मधेच अडवायचे. एका म्हाताऱ्यानं म्हटलं होतं, "बैल मेला असं नोको लिवा बाई. माया ढवळ्या मेला." बाईंनी तिथल्या तिथे पेन्सिलीनं 'ढवळ्या' लिहिलं, कार्यालयात येऊन मला पान पुन्हा काढायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर परत जाऊन त्याचा अंगठा घेतला. साहेबांनी प्रवासभत्त्याच्या कागदावर विचारलं, दोनदा कशासाठी? बाईंनी लिहिलं, बैलाचे नाव राहिले होते.

आम्ही यावर पोटभर हसलो होतो.

साहेबांनी कामात एकसारखेपणा यावा म्हणून जबाबाचा नमुना करून दिला. त्यात एक वाक्य तयारच होतं. 'मयत हिने वन विभागाच्या वारंवार दिलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष करून स्वतःच्या निष्काळजीपणाने वनक्षेत्रात प्रवेश केला.' साहेबांचा हेतू वाईट नव्हता. वरून विचारणा झाली की सूचना दिल्या होत्या याचा पुरावा कागदावर असावा, एवढंच. बाकीच्या वनपालांच्या जबाबांत ते वाक्य जाऊ लागलं. बाईंच्या जबाबांत मी ते काढायचो. विसरलो तर त्या गोल करायच्या, आणि कागद पुन्हा माझ्याकडे यायचा.

त्या उन्हाळ्यातला चौथा मृत्यू चिचटोल्याचा. यशोदा नाव. नवरा दिवाकर तलावात मासे धरणारा, घरी त्याची म्हातारी आई सोनाबाई आणि आठवीतली मुलगी. यशोदा पहाटे मोह वेचायला गेली होती. मी बाईंना मोटरसायकलवर नेलं. पहिल्या तीन वेळी मला घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं. चौथ्या वेळी मला काहीच वाटलं नाही, हे मी लपवत नाही. दिवाकर बोलत होता, बाई टिपत होत्या, आणि मी मोटरसायकल सावलीत लावली आहे की उन्हात याचा विचार करत होतो.

कार्यालयात आल्यावर मी मागची फाइल उघडली, नाव बदललं, वय बदललं, गाव बदललं. बाईंच्या टिपणातले चार शब्द घेतले, बाकी नमुन्यातलं तसंच ठेवलं. ते वाक्य काढायचं राहिलं. विसरलो असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता, आणि वाटलं, बाई करतीलच गोल.

बाईंनी त्या दिवशी कागद पाहिला नाही. तसाच पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा चिचटोल्याला. अंगणात साडी अंथरून त्यावर मोहफुलं वाळत घातलेली होती. यशोदानं आधीच्या दिवसांत वेचलेली. ती कोणी हलवली नव्हती. उन्हानं त्यांचा वास सगळ्या अंगणात भरला होता. सोनाबाई भिंतीला टेकून बसली होती.

बाई बसल्या. टोपी गुडघ्यावर ठेवली. वाचायला लागल्या. "मी दिवाकर, राहणार चिचटोला, धंदा मासेमारी..." आणि थांबल्या. बराच वेळ त्या वाळत घातलेल्या मोहाकडे बघत राहिल्या. मग कागदाची घडी घातली.

"आज राहू दे," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कळलं नाही.

मी शाईचा पॅड उघडला. बाईंनी दिवाकरचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला. खाली ओळ छापलेली होती, वाचून दाखवला, बरोबर आहे.

प्रकरण मंजूर झालं. मदत वेळेवर मिळाली, कुठे काही अडलं नाही. साहेबांची कामाची पद्धत खरोखर चांगली होती. मंजुरीच्या कागदांबरोबर जबाबाची एक प्रत घरच्यांना देण्यात आली, आणि दिवाकरनं ती पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवली.

पोळा झाल्यावर सोनाबाईनं नातीला ती पिशवी उतरवायला सांगितली. माझ्या लेकानं सरकारले काय सांगतलं ते मले ऐकू दे, म्हणाली. पोरीनं वाचलं. दोन शेजारणी बसल्या होत्या. 'निष्काळजीपणा' म्हणजे काय, ते एका शेजारणीनं समजावून सांगितलं.

हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं. एका दुपारी दिवाकर कार्यालयात आला आणि बाकावर बसून राहिला. कोणीतरी काय काम आहे विचारलं तर म्हणाला, बाई पायजे. बाई बाहेर आल्या. त्यानं पिशवीतून कागद काढला. कागदाला माशांचा वास येत होता.

"बाई, तुमाले आठवते का? म्या असं सांगतलं होतं का?"

बाईंनी कागद घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. मी खिडकीतून बघत होतो. कोणत्या ओळीवर त्यांची नजर थांबणार ते मला ठाऊक होतं.

"नाई," बाई म्हणाल्या. "तू असं नाई सांगतलं."

"मंग मायले सांगा ना. पोळ्यापासून माय माह्यासंग बोलत नाई. भात वाढते, बोलत नाई. मंते, माह्या सुनेले तू सरकारपाशी बेफिकीर म्हणला. आंगठा तुयाच हाय, मंते." तो थोडा थांबला. "आंगठा तं माह्याच हाय, बाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो चुकलेल्या बसची वेळ विचारावी तसं विचारत होता.

बाई थेट साहेबांकडे गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. जबाब दुरुस्त करायचा, त्यांनी सांगितलं. साहेबांनी समजावून सांगितलं. ते चुकीचं बोलत नव्हते, हीच अडचण होती.

"बाई, प्रकरण बंद झालंय. त्यांना मदत मिळाली. आता जबाब खोटा म्हणालात तर मंजुरी परत उघडेल. त्या माणसालाच त्रास होईल. एका शब्दासाठी?"

"मंजुरी राहू द्या. जबाबातलं एक वाक्य त्याचं नाई, एवढंच लिवून देते."

"मग ते कागदावर आलं कसं? वाचून दाखवलं असं खाली लिहिलंय. तुमची सही आहे."

"मी वाचून नाई दाखवलं."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे लेखी देऊ नका. निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागेल. तुमच्या आजवरच्या प्रत्येक जबाबावर प्रश्न येईल."

"येऊ द्या."

त्यांनी अर्ज पेन्सिलीनं लिहून माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्या लिखाणात एकही गोल करण्यासारखा शब्द नव्हता. बाईंनी लिहिलं होतं: यशोदाच्या नवऱ्याचा जबाब मी त्याला वाचून दाखवला नाही. त्याचा अंगठा मी धरून लावला. यशोदा निष्काळजी होती असं तो म्हणाला नव्हता. मसुदा मी केला होता.

शेवटच्या वाक्यावर माझा हात थांबला. मसुदा मी केला होता. त्यातला 'मी' बाई होत्या, आणि मसुदा तर माझा होता. बाई समोर उभ्या होत्या. माझं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं, घरी बापाचा दमा, बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. ही सगळी कारणं त्या क्षणी डोक्यात रांगेत उभी राहिली, एकदम शिस्तीत. मी वाक्य टाईप केलं. पूर्णविराम दिला. प्रत काढली. त्यांनी सही केली. मला लाज वाटली, पण तीही जरा उशिरानं, संध्याकाळी.

माझं कंत्राट मार्चमध्ये वाढलं. हेही सांगायला हवं.

दोन दिवसांनी बाई म्हणाल्या, मले चिचटोल्याले सोड. चौकशी होईपर्यंत त्यांना विभागीय कार्यालयात बसायला सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला हजर व्हायचं होतं. त्या दिवशी वर्दी नव्हती. साधी निळी साडी, पायात चपला. मोटरसायकलवर मागे बसलेल्या त्या मला ओळखूच येत नव्हत्या.

धान कापून झालं होतं. सोनाबाई अंगणात सुपात लाखोळीची डाळ घेऊन पाखडत होती. दिवाकर दाराशी जाळं दुरुस्त करत बसला होता. दोघांच्या मध्ये दहा-बारा हातांचं अंतर, आणि त्यातून कोणी बोललं नाही.

बाई खाली बसल्या. अर्जाची प्रत उघडली आणि वाचली. सावकाश, सगळी. सोनाबाई सूप हलवत राहिली.

"म्हंजे तुमी वाचलं नाई," वाचून झाल्यावर ती म्हणाली. "आन् यानं ऐकलं नाई. मंग आंगठा काऊन देल्ला?"

"त्यानं नाई देल्ला, माय. म्या धरला होता."

"काऊन नाई वाचलं?"

सहा वर्षांत मी त्यांना शब्द शोधताना पाहिलं नव्हतं.

"मले वाटलं, आज याच्या कानात काई घालू नये," त्या म्हणाल्या. "आन् मी थकली होती. दोन्ही."

सूप थांबलं. "मंग यानं काय सांगतलं होतं?"

बाईंनी पिशवीतून वही काढली, पहिल्या दिवशीचं टिपण. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, त्या डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागल्या. "यशोदा पहाटे गेली. मले म्हणली, खालच्या अंगच्या झाडाचा मोहा आज सरते, तं लवकर येते. मी जाळं घेऊन तलावावर गेलो. पोरगी झोपली होती. दिवस वर आला, मी घरी आलो तं चूल थंडी होती. मले वाटलं, बाप्पा, अजून काऊन नाई आली."

जाळ्यातली दिवाकरची बोटं थांबली होती. तो आपलंच बोलणं पहिल्यांदा ऐकत असावा तसा बाईंकडे पाहत होता.

सोनाबाईनं नाकाला पदर लावला. मग म्हणाली, "चूल थंडी नोती. म्या पेटवली होती. चहा ठेवला होता म्या, दोघांचा."

बाईंनी वही गुडघ्यावर घेतली आणि लिहून घेतलं. लिहून झाल्यावर तेवढं परत वाचून दाखवलं. सोनाबाईनं मान हलवली.

मग म्हातारीनं सूप बाजूला सारलं आणि दाराकडे न बघता म्हणाली, "दिवाकर, बाईले पानी दे."

तो उठला. उठताना जाळं त्याच्या पायात अडकलं, ते सोडवायलाही तो थांबला नाही, तसाच ओढत आत गेला. गडवा घेऊन आला. बाईंनी पाणी वरून ओतून घेतलं आणि सगळं प्यायल्या.

सिंदेवाहीच्या स्टँडवर गडचिरोलीची बस लागलेली होती. बाई आत जाऊन खिडकीशी बसल्या. मी खाली उभा होतो. चालक चहा पिऊन यायचा होता, म्हणजे तीन-चार मिनिटं होती. मी खिडकीचा गज धरला.

"बाई, ती ओळ माझी होती. मी काढली नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या नाहीत.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "तू कवा बोलते ते पाहून राह्यली होती."

मग त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. चालक आला. बस सुटली तेव्हाही त्यांनी ते उघडले नाहीत.